सुभेदारांचा दिव्याचा चेंडू

सुभेदारांकडून दुरुस्त झालेला रेडिओ परत न्यायचा म्हणजे काळीज घट्ट करून यावं लागायचं. मी काउंटरवरूनच लोकांना तशी कल्पना देऊन ठेवायची. कारण दुरुस्त झालेला रेडिओ सुभेदार गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत, त्याच्या देखत खाली पाडत. काउंटरच्या पुढ्यात चौपदरी घडी घातलेलं पोतं कायम अंथरलेलं असायचं. आधी गुडघ्याच्या उंचीवरून, मग कमरेच्या, मग छातीच्या. तिन्ही वेळा रेडिओ वाजत राहिला तर पास, मध्येच मुका झाला तर पुन्हा माझ्या टेबलावर.

“पडून उठलं तरच पास,” असं म्हणायचे आणि पडलेल्या रेडिओकडे असे बघायचे की आता तो उठून सलाम ठोकणार.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर आले होते. त्यांचा रेडिओ लग्नात सासऱ्यांनी दिलेला. गुडघा झाला, कंबर झाली, तोवर मास्तर डोळे मिटून कसेबसे उभे होते. सुभेदारांनी रेडिओ छातीपर्यंत उचलला तसे मास्तर “अहो, नको हो!” म्हणून झेपावले आणि रेडिओसकट स्वतःच पोत्यावर आडवे झाले. रेडिओ त्यांच्या पोटावर गुळाचे बाजारभाव सांगत राहिला. मला हसू आवरेना. सुभेदारांनी मात्र मास्तरांना हात देऊन उठवलं, धोतर झटकून दिलं आणि गंभीरपणे म्हणाले, “मास्तर, तुमीबी पास.”

हे साताऱ्यातलं. नव्वदनंतरची वर्षं होती. मी मूळची सांगलीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसले होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या डिप्लोम्यापेक्षा माझ्या पत्रिकेची चौकशी जास्त करायचा. साताऱ्याच्या मावशीनं सांगून पाठवलं की इथे एका फौजी माणसाला दुकानात शिकलेलं कुणीतरी हवंय. मी बॅग भरली आणि निघाले. वडील म्हणाले, “बघ चार महिने.” मी राहिले तीन वर्षं.

सुभेदार फौजेत सिग्नलमध्ये होते, म्हणजे वायरलेसवाले. पेन्शन घेऊन आल्यावर राजवाड्याच्या खालच्या बाजूला हे दुकान टाकलेलं. टक्कल, भरघोस पांढऱ्या मिशा, आणि मे महिन्यातही पायात पॉलिश केलेले फौजी बूट. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात कैया, म्हणजे तारांना डाग द्यायची तापती सळई, दिला आणि दोन तारा जोडायला सांगितल्या. मी जोडल्या. त्यांनी चष्मा न लावता नुसतं बघितलं आणि म्हणाले, “ड्राय सोल्डर.” म्हणजे वरून जोड झालेला दिसतो, आतून धरलेला नसतो. “वर्सभर चालंल, आन् नेमकं नको तवा सोडंल. समजलं? काय सांगितलं मी?”

हे ‘काय सांगितलं मी’ म्हणजे त्यांची दुसरी खोड. त्यांनी सांगितलेलं समोरच्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय ते त्याला सोडत नसत. “शुक्रवारी या, येताना चार सेल आना. काय सांगितलं?” गिऱ्हाईक बिचारं शाळेतल्यासारखं म्हणायचं, “शुक्रवारी येतो, चार सेल आणतो.” समोरच्या हॉटेलात हाक मारून चहा सांगायचे, “दोन चा, एक बिनसाकरंचा!” आणि हॉटेलवाल्यानं तिकडून ओरडून परत सांगितलं की मगच मान खाली घालायचे. नव्या माणसाला वाटायचं म्हातारा बहिरा आहे. बहिरा कुठला, चार दुकानं पलीकडे टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालेला त्यांना इथे बसून कळायचा.

मलाही त्यातून सुटका नव्हती. महिन्यातून एकदा मी बुधवारी संध्याकाळी सांगलीला जायची, कारण गुरुवारी दुकान बंद. शुक्रवारी सकाळी परत. पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यांनी एक कोरं पोस्टकार्ड हातात ठेवलं. “पोचल्यावर टाकायचं. ‘पोचले’ एवडंच लिवायचं.” मी म्हटलं, “अहो सुभेदार, कार्ड यायच्या आत मीच येईन की!” तर म्हणे, “ते येगळं, ह्ये येगळं.” आणि तसंच व्हायचं. मी शुक्रवारी टेबलावर हजर, आणि शनिवारी पोस्टमन माझं कार्ड घेऊन यायचा. सुभेदार ते माझ्यासमोर उभं राहून वाचायचे, सुस्कारा सोडायचे आणि मला म्हणायचे, “बरं झालं. पोचलासा.” मी डोक्याला हात लावायची. तीन वर्षांतली सगळी कार्डं त्यांनी तारेत ओवून ठेवली होती.

या खोडीमागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही लाइट गेले होते आणि करायला काम नव्हतं म्हणून. फौजेत पोरसवदा असताना वर बर्फात त्यांची चौकी होती. पुढे तीन माणसं गेलेली. हवा बिघडली तशी वरून हुकूम आला की त्यांना मागे बोलवा. सुभेदारांनी निरोप पाठवला, मागं या. उलट निरोप आला नाही. पुन्हा पाठवला. नाही. पुढच्या तिघांचा सेट खेचरावरून पडला होता आणि पडला तो उठला नव्हता.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, तीन दिस बटन दाबीत बसलो. मागं या, मागं या. कुनाला ऐकू जातंय का न्हाई, काय म्हाईत. चवथ्या दिसाला आले की चालत, तिगंबी.” त्यांनी टकलावरून हात फिरवला. “माजे केस त्या तीन दिसांत गेलेत, बाई. निरोप धाडला म्हंजे झालं न्हाई. पोचला का, ते कळाय लागतं.”

तर असा हा माणूस, आणि त्याच्याच घरात ऐकू न येणारी नात.

मुलगा फौजेत, लांब कुठेतरी. सून आणि नात गावी, सुभेदारांजवळ. साताऱ्यापासून थोडं बाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्याला लागून त्यांचं घर होतं. नातीला सगळे बारकी म्हणायचे. सहा वर्षांची होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मिलिटरीच्या दवाखान्यातून कानाला लावायचं मशीन मिळालं होतं, ते तिनं दोनदा कडब्याच्या गंजीत पुरून ठेवलं. पोरगी बाकी भलतीच चलाख. मला पहिल्यांदा बघितल्यावर तिनं दोन बोटांनी खांद्यापासून कमरेपर्यंत लांब रेघ ओढली. ती माझी वेणी. तेच माझं नाव पडलं.

हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यानं दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असायची. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, टेप फुल्ल लावलेला, मागचं काय पुढचं काय कशाचं भान नाही. दिवसा सून बारकीवर डोळा ठेवून असायची. पण दिवस मावळताना दोन म्हशींच्या धारा काढायला ती गोठ्यात गेली की तेवढा अर्धा तास पोरगी सुभेदारांच्या ताब्यात. आणि बारकीला फाटकाबाहेरचंच वेड. मागून कितीही हाका मारा, काय उपयोग? सुभेदारांचे गुडघे गेलेले, पळून पकडायचं म्हटलं तर ते कुठले पळतात!

एक दिवस दुकानात आले आणि बसायच्या आधीच मला म्हणाले, “इंजिनेर बाई, ज्याला हाक ऐकू येत न्हाई त्याला मागारी बोलवायचं कसं, एवडंच सांगा. डिप्लोम्यात हाय का कुटं?”

डिप्लोम्यात नव्हतं. मी म्हटलं, “बांधून ठेवायचं फाटकाला.” आणि लगेच जीभ चावली.

पण त्यांना राग आला नाही. “पोर हाय, म्हस न्हाई,” म्हणाले आणि पिशवीतून एक डबा काढला. त्यात मुलानं रजेवर येताना आणलेली रिमोटची गाडी होती. बारकीनं ती दोन दिवस खेळून फेकून दिली होती. तिला एकच खेळ, चेंडू. “ह्या गाडीतलं ऐकायचं मशीन बॉलमदी घालायचं. बॉल आपटला की हिरवा दिवा. मी बटन दाबलं की लाल. हिरवा म्हंजे खेळ. लाल म्हंजे थांब आन् मागारी ये. काय सांगितलं मी?”

मी परत म्हणून दाखवलं, आणि म्हणता म्हणताच मला ते पटलं. तिची नजर कायम चेंडूवर. मग हाक चेंडूतूनच मारायची.

सांगायला सोपं. पुढचे दोन महिने त्या चेंडूनं माझा जीव खाल्ला. दुधी रंगाचा जाड प्लास्टिकचा मोठा चेंडू आणला, कापला, शेजारच्या फोटो स्टुडिओतून रोलची रिकामी डबी आणून तिच्यात गाडीचं सर्किट कापून-छाटून बसवलं, डबी स्लीपरच्या स्पंजात गुंडाळली आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी चेंडूच्या आत ताणून धरली. पंक्चरवाल्याकडून चेंडू चिकटवून आणला. पहिल्यांदा आपटला तर सरळ उडायच्या ऐवजी तिरका जाऊन हॉटेलवाल्याच्या शेवचिवड्यात पडला. वजन एका बाजूला झालं होतं. मग डब्या दोन केल्या, एकीत सर्किट, समोरासमोर दुसरीत सेल. मग सरळ उडायला लागला, पण चार दणक्यांत आतले जोड सुटायचे.

“ड्राय सोल्डर,” सुभेदार म्हणायचे.

“ड्राय नाहीये! दणक्यानं सुटतंय!” मी कैया आपटून म्हणायची. रडकुंडीला यायची अगदी. तो शब्द ऐकला की मला घाम फुटायचा. शेवटी मी सगळं सर्किट मेणबत्तीच्या मेणात बुडवून गार केलं, तेव्हा कुठे ते टिकलं. आपटल्यावर लागणारा हिरवा दिवा तर सोपा होता. बॉलपेनातली स्प्रिंग एका तारेभोवती सैल ठेवली, दणका बसला की ती हलून तारेला शिवायची. सेल वाया जाऊ नयेत म्हणून सुभेदारांनी एका मेलेल्या स्पीकरचं लोहचुंबक ताटलीत चिकटवलं. चेंडू ताटलीत ठेवला की बंद, उचलला की चालू. ही युक्ती त्यांची, हे कबूल करायला पाहिजे. आणि मग आमची परीक्षा. गुडघा, कंबर, छाती. जन्मात पहिल्यांदा पोत्यावर पडण्यासाठीच बनवलेली वस्तू आमच्या पोत्यावर पडत होती. तिन्ही वेळा हिरवी झाली. सुभेदारांनी बटण दाबलं तशी लाल झाली.

“पास,” ते म्हणाले, आणि चहा सांगताना पहिल्यांदाच परत म्हणवून घ्यायला विसरले.

बारकीची शिकवणी परेडसारखी चालली. लाल दिसला की थम, म्हणजे पाय जुळवून उभं राहायचं. मग पाठीमागे वळायचं, आजोबांकडे यायचं, मूठभर शेंगदाणे घ्यायचे. आठवड्याभरात पोरगी तयार झाली. पण तिनं त्यात एक भलतंच काढलं. चेंडू दोन-तीनदा आपटला की ती गर्रकन मान वळवून आजोबांच्या अंगठ्याकडे बघायची. अंगठा बटणावर दिसला की लाल व्हायच्या आधीच थम, आणि मग खिदळत सुटायची, पकडलं म्हणून. मला या गोष्टीचा संताप यायचा. इतकी मरमर करून लाल दिवा बसवला, आणि ही बाई दिव्याकडे बघतच नाही!

“सुभेदार, ती लबाडी करतेय. तुम्ही रिमोट पाठीमागे धरा,” मी म्हणायची.

“बगंना का,” ते म्हणायचे. “आजाकडंच बगतीया न्हवं.”

आधीच सांगून टाकते, बारकी आज धडधाकट आहे, तिला स्वतःचं घर आहे, आणि मोबाईलवर मला दिसली की अजूनही आधी वेणीची रेघ ओढते. माझी वेणी कधीच गेली. पण हे आधी सांगितलं नाही तर पुढचं माझ्यानं नीट सांगवत नाही.

झालं असं. गाडीच्या रिमोटचं बटण बारीक होतं आणि सुभेदारांचा अंगठा जाड. सारखा घसरायचा. एका सकाळी मी रिमोट दुकानात मागवून घेतला, त्यातलं सर्किट काढलं, दाराच्या बेलचं मोठं बटण लावलं आणि सगळं साबणाच्या डबीत बसवून दिलं. छान झालं होतं. मी कौतुकानं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बटण दाबून बघितलं, डबीवरचा बारका दिवा लागला. आणि मग ते काउंटरच्या पुढे गेले.

“अहो, नाही! तो पाडायचा नसतो! रिमोट आहे तो!”

“तुमच्या टेबलावरनं आलाय न्हवं?” म्हणाले. आमच्या टेबलावरून गेलेली कुठलीही वस्तू परीक्षेशिवाय बाहेर जात नसे. गुडघा. कंबर. छाती. उचलून बटण दाबलं, बारका दिवा लागला. “पास.”

चेंडू घरी होता. चेंडू लाल होतोय का, ते इथे बघायची सोय नव्हती. डबीवरचा दिवा म्हणजे नुसता सेल जिवंत असल्याची खूण, आतून काही निघतंय की नाही ते त्यावरून कळत नाही. हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. गिऱ्हाईक उभं होतं, आणि मी वैतागलेही होते.

नवं बटण कसं चालतं ते बघायला संध्याकाळी मी त्यांच्या मोपेडवर मागे बसून घरी गेले. दिवस मावळत होता. सून घागर घेऊन गोठ्यात शिरली. बारकीनं मला बघून वेणीची रेघ ओढली, ताटलीतला चेंडू उचलला आणि सुरू झाली. आपटला, हिरवा. आपटला, हिरवा. सुभेदार कट्ट्यावर बसले, डबी हातात. मोपेड आत घेतल्यावर फाटक लावायचं राहिलं होतं, ते माझ्या लक्षात आलं तेव्हा चेंडू फाटकातून बाहेर उडाला होता आणि बारकी त्याच्या मागे.

रस्त्याच्या वळणावर ट्रॅक्टर दिसला. दोन ट्रॉल्या, टेप बोंबलतोय.

सुभेदारांनी बटण दाबलं. चेंडू आपटला, हिरवा. पुन्हा दाबलं. हिरवा. लाल नाही. डबीवरचा बारका दिवा मात्र लागत होता.

“थम!” सुभेदार ओरडले. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. गोठ्यात घागर पडली, रस्त्यानं जाणारा सायकलवाला खाली उतरून उभा राहिला, आणि मी, जिनं पळत सुटायचं, मीसुद्धा जागच्या जागी खिळले. सगळं गाव थांबलं. जिला थांबायचं होतं तिला ऐकू गेलं नाही.

माझ्या डोक्यात एकच शब्द. ड्राय सोल्डर. नेमकं नको तेव्हा सोडतं. माझ्या जोडानं सोडलं, माझ्या हातानं पोर गेली. मी पळायला लागले तेव्हा कळत होतं की मी पोचत नाही.

चेंडू डांबरी रस्त्याच्या कडेला आपटला, मग रस्त्यावर. आणि कडेच्या मुरमावर बारकीनं गर्रकन मान वळवली.

सवयीनं. आजोबांना पकडायला.

सुभेदार कट्ट्यावरून उठून अंगणाच्या मधोमध आले होते. डबी डोक्यावर उंच धरलेली, अंगठा बटणावर, दाबून दाबून पांढरा पडलेला. बारकीनं तो अंगठा बघितला. पाय जुळवले. थम.

तिच्या पुढून, हातभर अंतरावरून, ट्रॅक्टर गेला. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. तिच्या झग्याचा घेर वाऱ्यानं उडाला. ती हसत होती.

मग ती परेडच्या शिस्तीत वळली आणि चालत आली. मी वाटेत तिला धरायला वाकले तर मला चुकवून पुढे गेली. आजोबांसमोर उभी राहिली. शेंगदाण्यांसाठी हात पुढे केला नाही. त्यांच्या अंगठ्यावर बोट ठेवलं, मग मागे रस्त्याकडे हात केला आणि कपाळाला आठ्या घालून जोरजोरानं मान हलवली. तू दाबलंस, पण तो लाल झालाच नाही! चांगलीच भांडत होती. सुभेदार मटकन खाली बसले. तिला दोन्ही हातांनी धरलं आणि न ऐकणाऱ्या त्या पोरीला मोठमोठ्यानं सांगत राहिले, “पोचलं गं बाय. पोचलं. पोचलं.” त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. मीही तिथेच मोपेडला टेकून ढसाढसा रडले.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाला परत आला. पुढे जाऊन थांबला असावा. चेंडू दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरलेला, चेहरा पांढराफटक. चालताना चेंडू हिरवा-हिरवा लुकलुकत होता. “आवं, ह्यो तुमचा हाय का? ट्रालीखालनं आला आन् पेटलाय की वो! फुटंल बिटंल का ह्यो?” ट्रॉलीखालून जाऊनसुद्धा चेंडूला काही झालं नव्हतं. सुनेनं डोळे पुसत त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, टेपचा आवाज बारीक करायची शपथ घातली. हुश्श झालं सगळ्यांना. त्या संध्याकाळी आम्ही सगळे कारण नसताना हसत होतो, ट्रॅक्टरवालासुद्धा.

मी मात्र घरी जाऊन जेवले नाही. आपलाच जोड सुटला, याची मला खात्री होती. सकाळी दुकानात गेले ते नोकरी सोडते असं सांगायची तयारी करूनच. सुभेदार माझ्या आधी येऊन बसले होते. साबणाची डबी उघडलेली. त्यांनी सर्किट माझ्या कानाजवळ नेऊन हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

क्रिस्टल. रिमोटमध्ये चकचकीत पत्र्याची एक चपटी डबी असते, तिच्यात काचेच्या पापुद्र्यासारखी चकती. ती थरथरली की रिमोटचा आवाज चेंडूपर्यंत जातो. ती फुटली होती. माझे सगळे जोड जागेवर होते, एकेक त्यांनी भिंगाखाली तपासला होता.

“छातीवरनं पाडला न्हवं,” ते म्हणाले. “तितंच फुटली. चूक माजी. तुमचं सोल्डर एक नंबर हाय.”

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की सांगता येत नाही, आणि त्याच क्षणी लाजही वाटली. काल पोरगी वाचली, आणि आज मी माझा जोड वाचला म्हणून खूश होतेय! मग मी सगळं सांगून टाकलं. डबीवरच्या दिव्यावरून काही कळत नाही हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. फाटकही मीच उघडं टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “काय सांगितलंसा?” म्हणाले. मला रडत रडत सगळं परत म्हणावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यांनी मान हलवली. “पोचलं. आता चा सांगा.”

नवा क्रिस्टल मी सांगलीहून आणला. पोत्याच्या वरच्या भिंतीवर सुभेदारांनी खडूनं ठळक लिहिलं, ‘रिमोट पाडू नये.’ फाटकाला स्प्रिंगची कडी बसली. रेडिओ मात्र शेवटपर्यंत पडत राहिले. आणि बारकी पुन्हा अंगठ्याकडे बघायला लागली तेव्हा मी लबाडीचं नावही काढलं नाही.

पुढच्या वर्षी सांगलीत मला नोकरी लागली. निघाले त्या दिवशी सुभेदार स्टँडवर आले, बारकीला खांद्यावर घेऊन. मला वाटलं आता कार्ड काढतील. काढलं नाही. एसटीकडे बघत मिशा चावत राहिले. मी एसटीत चढले. थांबले असते तर तिथेच रडले असते. सांगलीत उतरले आणि स्वतःच्या पैशानं कार्ड घेतलं, ‘पोचले’ एवढंच लिहिलं आणि स्टँडवरच्या पेटीत टाकलं.

तीन वर्षांत माझ्या एकाही कार्डाला त्यांचं उत्तर आलं नव्हतं. या खेपेला आलं. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या किरट्या अक्षरात ‘पोचलं’. खाली मोकळ्या जागेत रंगीत खडूनं गिरवलेला, कार्डाबाहेर जाऊ बघणारा एक मोठा लाल गोल. आणि त्या गोलाच्या खाली, पत्त्याच्या रेघेपर्यंत गेलेली, एक लांबच लांब वेणी.

त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तो दिवा मीच बसवला होता. मी गुरुवारची रजा टाकली आणि पहिल्या एसटीनं साताऱ्याला गेले.